गल्लीच्या शाळेतल्या आत्या

आत्या अनोळखी माणसांत बोलतील कशा, ही काळजी वहिनीच्या डोक्यातून काही केल्या जाईना. कुणाला सांगायचीही सोय नव्हती. ऐकणारा हसलाच असता. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला भांडणारी पोरं या टोकावरून सुटी व्हायची, आणि तिला म्हणे बोलता येणार नाही! नवऱ्याला सांगून पाहिलं, तर तो वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "ताईला? ताईला गप्प बसवायला माणसं लागतात, बोलवायला नाही."

पण वहिनीला ठाऊक होतं, कारण आत्यांचे सगळे फोन तीच करायची. आत्या म्हणजे तिची मोठी नणंद. मुलींची आत्या, म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचीच आत्या झालेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायची. दवाखान्यात वेळ घ्यायची असो, नळ गळत असो, गॅस संपलेला असो, आत्या हातातलं काम टाकून भावाच्या घरी येत आणि फोन वहिनीच्या पुढे सरकवत. मग शेजारी उभं राहून कुजबुजत, "डावा गुडघा सांग. डावा म्हण."

"अहो ताई, गुडघा तुमचा. तुम्हीच सांगा की."

"तुझा आवाज शिकलेला वाटतो गं."

"आणि तुम्ही काय अडाणी आहात?"

"मी लहान मुलांची बाई. माझा आवाज ऐकला की डॉक्टर पाढे म्हणायला लागेल."

असं हसण्यावारी नेत. पण एकदा वहिनी घरी नव्हती आणि आत्यांनी स्वतः फोन लावला, तेव्हा थोरलीने पाहिलं होतं. पलीकडून "हॅलो, कोण बोलतंय?" आलं, आणि आत्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि फोन ठेवून दिला. "आई, आत्या माशासारखी करत होती," थोरली म्हणाली. तिला तेव्हा पाठीत एक धपाटा मिळाला होता.

त्या माशाची गोष्ट जुनी होती. आत्या स्वतः याच गल्लीच्या शाळेत शिकलेल्या. पहिलीत असताना तपासणीला कुणी साहेब आले, त्यांनी हिच्यापुढे वाकून नाव विचारलं. घरी दिवसभर चिवचिवणारी पोर, पण त्या परक्या चेहऱ्यापुढे तिला स्वतःचं नाव सांगता येईना. साहेब पुढे गेले. बाईंनी मात्र ते लक्षात ठेवलं, ही मंद आहे असं ठरवून टाकलं आणि तिला मागच्या बाकावर बसवलं. घरून कुणी विचारायला आलं नाही. विचारायचं असतं हेच त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. पुढे अक्षरं आली, आकडे आले, मागच्या बाकावरची ती मुलगी शिक्षिका होऊन त्याच इमारतीत परत आली आणि तिने मागून घेतला तो शिशुवर्ग, पहिलीच्याही आधीचा. "मागच्या बाकावर बसवायच्या आधीच मला पोरं ताब्यात पाहिजेत," असं त्या म्हणत.

आता या शहरातल्या सरकारी प्राथमिक शाळांचं प्रकरण समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सरकार एक, भिंतींचा रंग एक, बाकं एकाच कारखान्यातली, पण शाळा नाना तऱ्हांच्या. गल्लीची शाळा सगळ्यांना घेते. आजूबाजूच्या चार रस्त्यांत राहता ना, या. दोन भाषांच्या शाळेत अर्धा दिवस एक भाषा नि अर्धा दिवस दुसरी, तिथला प्रवेश सोडतीवर. चित्रांची नि गाण्यांची एक शाळा आहे, तिथे पोरांना आधी गाऊन नाहीतर रंगवून दाखवावं लागतं. आणि या सगळ्यांच्या वर बसलेली, हुशार मुलांना निवडून घेणारी शाळा. तिचं सरकारी नाव लांबलचक आहे, लोक तिला नुसतं 'वेचक' म्हणतात. कुठल्याच शाळेला फी नाही. त्यामुळे कुणाला काही वाटून घ्यायचं कारण नाही, असं अधिकारी म्हणतात. गल्लीची शाळा आपली मिळते आणि बाकीच्या मिळवाव्या लागतात, एवढाच फरक. आणि जे मिळतं त्याला लोक किती मान देतात, ते सांगायला नको.

वेचकची परीक्षा कागदावर नसते. चार-पाच वर्षांच्या पोराला आईच्या हातातून सोडवून एक अनोळखी बाई एका अनोळखी खोलीत घेऊन जाते, दार लावते आणि गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारते. पोर बोललं तर हुशार, रडलं तर पुढच्या वर्षी या. ज्यांच्या घरी पाव्हणेरावळे, क्लास, सहली, ती पोरं बोलतात. गल्लीतली पोरं आईला चिकटून वाढलेली. ती दार लागताच भोकाड पसरत.

आत्यांनी हे एकदाच पाहिलं आणि त्यांना काय करायचं ते कळलं. त्यांनी आपल्या वर्गातल्या पोरांना कामगिरीवर धाडायला सुरुवात केली. एकटं जायचं, परक्या मोठ्या माणसाला प्रश्न विचारायचा, उत्तर घेऊन यायचं, आणि येताना त्याचाही एक प्रश्न आणायचा. "जा, हेडसरांना विचारून ये, आज त्यांच्या मिशांची तब्येत कशी आहे." "शिपाईकाकांना विचार, घंटेला दुखतं का." "स्वयंपाकघरातल्या मावशींना सांग, आमच्या वर्गातला हत्ती हरवलाय, तुमच्या पातेल्यात आलाय का बघा."

पहिल्यांदा पोरं दारापर्यंत जाऊन परत येत. मग जिन्यापर्यंत. मग एके दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एखादं पोर उभं राही आणि मावशी झाकण उचलून म्हणे, "हत्ती नाही बाई, शेपूट तेवढी सापडली. घेऊन जा. आणि तुमच्या बाईंना विचार, सोंड खारट घालू का गोड?" सुतळीचा तुकडा घेऊन पोर धावत सुटे. ती सुतळी वर्गात खिळ्याला टांगलेली असे. सगळी शाळा या नाटकात सामील होती. हेडसर तर मिशांना तेल लावून तयार असत.

आणि आत्यांची पोरं वेचकमध्ये जाऊ लागली. एखादं दुसरं नाही, दर वर्षी. परक्या बाईने दार लावलं की ही पोरं उलट तिलाच विचारत, "तुमच्या खुर्चीचं नाव काय?" आया आत्यांना येऊन मिठी मारत, रडत, आणि गल्लीच्या शाळेतून पोराचं नाव काढून घेऊन जात.

यातली गोम आत्यांना दिसली नाही, आणि खरं तर वहिनीलाही नाही. शाळेचे गुण मोजले जातात चौथीत, आणि चौथीपर्यंत मागे कोण राहत असे? ज्यांना कामगिरीवर धाडूनही भीती गेली नाही ती, नाहीतर ज्यांच्या आईला परीक्षेच्या दिवशी कामावरून सुटी मिळाली नाही ती. दर वर्षी शिक्षण कार्यालयाच्या फळ्यावर शाळांचे गुण लागत आणि गल्लीची शाळा तळाशी असे. मग लोक म्हणत, बघा, शिकवतच नाहीत.

त्यात थोरलीचं निघालं. वहिनीच्या मनात तिला आत्यांच्याच शाळेत ठेवायचं होतं. अगदी घराजवळ, डोळ्यांसमोर. आत्याच हटून बसल्या.

"माझी भाची वेचकमध्ये गेली की लोकांना कळेल, गल्लीच्या शाळेत काय तयारी होते ते."

"लोक उलट म्हणतील ताई, स्वतःची भाची नाही ठेवली."

"तू फार विचार करतेस. म्हणून तर तुझे केस गळतात."

थोरली गेली. आणि लोक नेमकं तेच म्हणाले. पुढच्या वर्षापासून गल्लीतल्या आया पोरांना शिशुवर्गात आत्यांकडे घालत आणि पहिलीला जमेल त्या दुसऱ्या शाळेत नेत. आत्यांचा वर्ग भरलेला, वरचे वर्ग ओस. इतके ओस की या वर्षी कार्यालयाने नोटीस लावली: पहिलीचा वर्ग पटसंख्येला भरला नाही तर शाळा बंद, मुलं जागा मिळेल त्या शाळेत, शिक्षक राखीव.

राखीव म्हणजे सकाळी कार्यालयात जाऊन बाकावर बसायचं. शहरात कुठे कुणी शिक्षक आजारी पडला की त्या शाळेत जायचं. रोज नवी इमारत, रोज नवे हेडमास्तर, रोज "हॅलो, आपण कोण?" वहिनीच्या डोक्यातून जात नव्हतं ते हे. रोज सकाळी त्यांना दाराशी उभं राहून आपलं नाव सांगावं लागणार होतं.

नोटिशीवर पालकांचं म्हणणं ऐकायला कार्यालयाचे साहेब येणार होते, सभा बोलावली होती. आत्या आदल्या दिवशी वहिनीकडे आल्या, नेहमीसारख्या फोन सरकवायच्या सुरात. "तूच बोल ना माझ्या वतीनं. तुझा आवाज..."

"नाही ताई. शाळा तुमची आहे. तुम्हीच बोला. मी समोर बसते, माझ्याकडे बघून बोला."

दोघींनी स्वयंपाकघरात तालीम केली. धाकटीला साहेब केलं. धाकटीने आत्यांना विचारलं, "तुमच्या शाळेत घसरगुंडी आहे का?" आत्या हसून हसून खाली बसल्या.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. सगळे पोरांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला. साहेब तरुण होता, नम्र होता, एकदासुद्धा आवाज चढवला नाही त्याने. दोन-तीन बाप बोलले. मग आत्या उभ्या राहिल्या. वहिनीने पाहिलं, त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. तिने मान हलवली, बोला, बोला. आणि आवाज आला. एकदा आला तो आलाच. शिशुवर्ग, परक्या खोलीतली परीक्षा, मिशा, हत्ती, सगळं. लोक हसले, साहेबही हसला. शेवटी आत्या अगदी ताठ झाल्या.

"साहेब, या शहरातल्या कुठल्याच गल्लीच्या शाळेतून वेचकमध्ये इतकी मुलं जात नाहीत. दर वर्षी जातात. माझी भाचीसुद्धा गेली."

"फार छान काम आहे तुमचं," साहेब म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. "म्हणजे ज्या मुलांना जमतं ती इथून जातात, असंच ना?"

"हो." अभिमानाने.

"आणि घरची मुलगी तुम्हीही इथे नाही ठेवली."

"हो," आत्या म्हणाल्या, आणि तो हो अर्धा तोंडाबाहेर आल्यावर त्यांना कळलं. मागे कुणीतरी खुदकन हसलं. साहेबाने मान खाली घालून काहीतरी टिपून घेतलं. आत्या उभ्याच होत्या. बसा म्हणेपर्यंत उभ्या होत्या.

त्यानंतर कामगिऱ्या बंद पडल्या. स्वयंपाकघरातली मावशी वहिनीला फाटकाशी भेटली. "काय हो, तुमच्या आत्यांना हत्ती सापडला का? हल्ली कुणी शोधायला येत नाही. मी आपली सुतळी कापून ठेवते."

पहिलीला दोन मुलं कमी पडत होती. त्यातली एक जागा शिवणवालीच्या मुलीने भरली असती. ही वहिनीच्याच इमारतीत तळमजल्यावर शिलाईचं मशीन घेऊन बसते, तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं दातांतून. तिच्या मुलीला सोडतीत दोन भाषांच्या शाळेत जागा लागली होती. होय की नाही ते आज कार्यालय बंद व्हायच्या आत कळवायचं होतं. पण तिने मागच्या आठवड्यातच वहिनीला अडवलं होतं.

"तुमच्या धाकटीचं काय ठरलं?"

"अजून बघतोय."

"तुम्ही आत्यांकडे घालत असाल तर मीपण घालते. ती दोन भाषांची शाळा पार तिकडे, मशीन सोडून मी कशी नेऊ-आणू? तुम्ही शिकलेल्या. तुम्ही घालताय म्हणजे काही वाईट नसणार."

"बहुतेक घालू," वहिनी म्हणाली होती. आणि शिवणवालीने टाचण्या तोंडातून काढून, मोकळं हसून, "मग झालं!" म्हटलं होतं.

धाकटीला परीक्षाही द्यायची नव्हती. थोरलं भावंड वेचकमध्ये असलं की धाकट्याला आपोआप जागा मिळते, फक्त हो म्हणायचं. तेही आजच.

काल शाळा सुटल्यावर वहिनी आत्यांच्या वर्गात गेली. आत्या पोराच्या खुर्चीवर बसून रंगीत खडू डब्यात लावत होत्या. खिळ्यावरची सुतळी तशीच.

"ताई, धाकटीला इकडेच घालावं म्हणतेय."

"कोण म्हणतंय?"

"मी."

"बरं. माझ्याकडे बघून म्हण."

वहिनीने पाहिलं. वाक्य तयार होतं, वाटेत दोनदा म्हणूनही झालं होतं. पण तोंडातून निघेना.

आत्यांनी खडूचा डबा बंद केला. "हेडसरांच्या मिशा विचारायला धाडली असती तर चटकन बोलली असतीस."

"तसं नाही हो ताई. पुढे वर्ग टिकेल का, पहिलीला कोण बाई असतील, एवढाच विचार..."

"नाही टिकायचा. फार तर वर्षभर रेटेल. आणि वर्षभर तू त्या खिडकीतून डोकावत राहशील, आपली पोर मागे तर पडली नाही ना म्हणून. मला नाही सोसायचं ते. उपकार म्हणून पोरगी देऊ नकोस गं."

वहिनीच्या अंगावरून मणाचं ओझं उतरलं. ते उतरलेलं आत्यांनी पाहिलं. पोरांचे चेहरे वाचण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी नजर वळवली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"शिवणवाली मात्र येतेय. पक्कं म्हणाली मला. म्हणजे एकच कमी. एका मुलासाठी साहेब अडून बसायचा नाही, काय?" मग पिशवीतून कागदाचा चिटोरा काढून तिच्या हातात ठेवला. साहेबाचा नंबर. "उद्या तेवढा फोन तू कर. एकच कमी आहे म्हणावं. तुझा आवाज..."

आज दुपारी वहिनी कामावरून अर्धी रजा टाकून घरी बसली होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या खोलीत काम करते. नंबर चुकला तर माणसाला आयुष्यभर वाकडं दिसेल, या धास्तीने प्रत्येक काच दोनदा तपासणारी बाई. आज ती एकच गोष्ट विसाव्यांदा तपासत होती, साहेबाला फोन करावा की नाही. वेचकला 'हो' सकाळीच कळवून झालं होतं. ते फार सोपं गेलं. पलीकडची बाई गोड बोलली, "अरे वा, दुसरी बहीणपण!"

चिटोरा समोर होता. साहेबाला फोन लावायचा, आवाज शिकलेला काढायचा, एकच मूल कमी आहे हो, म्हणायचं. तो कदाचित ऐकेल. नम्र माणूस आहे. मग वर्ग उघडेल, आत्या आपल्या खोलीत, आपल्या लहान खुर्चीवर राहतील. एक वर्ष. आणि त्या वर्गात शिवणवालीची पोर बसेल, वहिनीच्या एका 'बहुतेक'च्या भरवशावर सोडतीतली जागा सोडून आलेली. पुढच्या वर्षी शाळा मिटली की ती पोर जागा मिळेल तिथे जाईल. तोवर दोन भाषांची सोडत दुसऱ्या कुणाचं तरी भलं करून गेलेली असेल.

खालून मशीनचा आवाज येत होता. मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई. अजून कार्यालय उघडं होतं. मुलीला शाळेत सोडायला शिवणवाली रोज दूरवर कशी जाईल, ते वहिनीला सुचत नव्हतं. आत्यांना संध्याकाळी काय सांगायचं, तेही नाही. आत्या काही बोलायच्या नाहीत, एवढं मात्र माहीत होतं. ओठ हलवतील, मिटतील.

एवढ्यात धाकटी आतून आली. "आई, आत्याने मला काम दिलंय. परक्या माणसाला एक प्रश्न विचारायचा. कुणाला विचारू?"

"कधी दिलं?"

"काल. तू वर्गात शिरायच्या आधी, फाटकात."

म्हणजे अजून देत होत्या. आपल्या शाळेत पहिलीला न येणाऱ्या पोरीलाही.

"काय विचारायचं?"

"विचारायचं की, तुम्हाला कुणाची भीती वाटते का?"

वहिनीने तिला जवळ घेतलं नाही. डोळे पुसले नाहीत. तिने चिटोरा उलटा करून ठेवला. खाली उतरून जाता आलं असतं, जिना एकच होता, पण त्या टाचण्या आणि ते मोकळं हसू समोर असताना वाक्य पुन्हा अडकलं असतं, हे तिला कालपासून ठाऊक झालं होतं. तिने फोन घेतला. साहेबाचा नंबर लावायचा नाही, शिवणवालीचा लावायचा, आणि मशीन थांबलं की पहिलंच वाक्य सांगायचं: धाकटी आत्यांकडे जात नाहीये, तुम्ही तुमची जागा सोडू नका.